देवांची वेठ आणि मानवाची उत्पत्ती : ‘अत्रहसिस’ काव्याच्या अर्थाचा प्रश्न

सृष्ट्युत्पत्तीच्या बहुतेक प्राचीन कथा मानव कसा झाला ते सांगतात. तो कशासाठी झाला, हे त्यांपैकी थोड्याच सांगतात. माती, अश्रू, अंड, यज्ञीय पुरुषाचे अवयव अशी उपादानकारणे सर्वत्र विपुल आढळतात. प्रयोजन मात्र बहुधा अध्याहृत राहते आणि भाष्यकाराला ते बाहेरून पुरवावे लागते. प्राचीन मेसोपोटेमियाच्या वाङ्मयाचे वैशिष्ट्य असे की, तेथे हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही निःसंदिग्ध शब्दांत दिलेले आहे. देवांना श्रम नकोसे झाले, म्हणून त्यांनी माणूस घडविला. उत्तर इतके स्पष्ट असल्यामुळेच कदाचित त्याच्या अर्थाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. ‘बाबिलोनी माणूस स्वतःला देवांचा दास मानी, त्याचा धर्म निराशावादी होता’ हे विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या काव्याच्या आधारे ते केले जाते, ते काव्य आरंभापासून अखेरपर्यंत वाचले असता हा निष्कर्ष टिकतो काय, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

हे काव्य म्हणजे ‘अत्रहसिस’. त्याचा पाठ विद्वानांच्या हाती तुकड्यातुकड्यांनी आला. निनेव्हे येथील ग्रंथसंग्रहातील काही खंड जॉर्ज स्मिथ याने १८७६ मध्येच प्रसिद्ध केले होते. पण त्यांचा अनुक्रम उलगडला नव्हता. तो १९५६ मध्ये डॅनिश पंडित लेसो यांनी लावून दाखविला. १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील नव्या मृत्पट्टिकांच्या प्रतिकृती छापल्या गेल्या, आणि १९६९ मध्ये लँबर्ट व मिलर्ड यांची संशोधित आवृत्ती बाहेर पडली. तत्पूर्वी या विषयावर जे लिहिले गेले ते मुख्यतः ‘एनूमा एलिश’ या उत्तरकालीन काव्यावर आधारलेले होते, ही गोष्ट जुने ग्रंथ वाचताना विसरून चालणार नाही.

मुख्य हस्तलिखित तीन पट्टिकांचे आहे. प्रत्येक पट्टिकेच्या शेवटी लेखकाने ओळींची संख्या नोंदविली आहे : ४१६, ४३९ व ३९०, एकूण १२४५. लेखकाचे नाव इपिक-आया. तो स्वतःस कनिष्ठ लेखनिक म्हणवितो, म्हणजे बहुधा शिकाऊ उमेदवारच. काळ बाबिलोनचा राजा अम्मिसदुका याचा, मध्यम कालगणनेप्रमाणे इ. स. पू. १६४६ ते १६२६. आणि पट्टिका त्याच्या राज्यारोहणानंतर अकरा-बारा वर्षांनी लिहिल्या गेल्या. काव्याची रचना याहून किती जुनी, हा प्रश्न येथे बाजूस ठेवता येईल. प्रत मात्र कोणत्या राजाच्या कारकिर्दीत झाली, ही माहिती पुढे उपयोगी पडणार आहे.

कथेचा आरंभ मानवपूर्व काळात होतो. त्या काळी देवांनाच माणसांसारखे राबावे लागत असे. (पहिल्या ओळीत देव आणि मनुष्य ही दोन पदे शेजारी ठेवलेली आहेत. दुसऱ्या पदाचा विभक्तिप्रत्यय उपमावाचक मानावा की दोन्ही पदांचे सामानाधिकरण्य मानावे, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. तात्पर्यात मोठा फरक पडत नाही.) अनुकडे आकाश, एन्लिलकडे पृथ्वी आणि एन्कीकडे भूगर्भातील गोडे पाणी, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती. अनुन्नाकी या थोर देवांनी इगिगी नामक देवगणाला कामाला जुंपले होते. ते काम नद्या खणण्याचे होते. तैग्रिस आणि युफ्रेतिस या त्यांनीच खणल्या. रात्रंदिवस राबून जेरीस आल्यावर इगिगींनी कुदळी आणि मातीच्या पाट्या पेटवून दिल्या, आणि मध्यरात्रीच्या प्रहरी एन्लिलच्या मंदिराला वेढा घातला. एन्लिल झोपेतून उठला, घाबरला. त्याने आपला मंत्री नुस्कु याला बाहेर पाठवून पुंडाई कोणी आरंभिली, याची चौकशी करविली. उत्तर आले की, कोणा एकाने नव्हे, आम्ही सर्वांनीच युद्ध पुकारले आहे. हंगेरियन पंडित कोमोरोत्सी यांनी १९७६ मध्ये या प्रसंगाला सरळ ‘देवांचा संप’ असे नाव दिले. ते आधुनिक असले तरी अयोग्य म्हणता येत नाही. हत्यारे टाकणे, एकत्र येऊन दाराशी जाणे, म्होरक्याचे नाव सांगण्यास नकार देणे, ही संपाची तिन्ही लक्षणे येथे हजर आहेत.

यापुढील प्रसंगाकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. एन्लिलची इच्छा एकाला देहदंड देऊन प्रकरण मिटविण्याची होती. त्यावर अनु (दुसऱ्या पाठात एआ, म्हणजेच एन्की) असे म्हणतो की, यांना दोष कसा द्यावा, यांचे काम खरोखरच जड होते आणि यांचे गाऱ्हाणे आपल्या कानी येतच होते. म्हणजे बंडखोरांची तक्रार देवसभेत रास्त ठरते. माणसाची निर्मिती हा त्या तक्रारीवरील तोडगा आहे. मानवाचा जन्म देवांच्या लहरीतून किंवा लीलेतून झालेला नाही, आणि प्रेमातूनही नाही. तो एका न्याय्य ठरलेल्या गाऱ्हाण्यातून झाला आहे.

काव्याची शब्दकळा येथे बारकाईने पाहावी लागते. इगिगींच्या कामाला ‘दुल्लु’, म्हणजे कष्ट, हा शब्द आहे. मानवावर जे लादले जाते ते ‘शुप्शिक्कु’. या शब्दाचा मूळ अर्थ माती किंवा विटा वाहण्याची पाटी, आणि त्यावरून सक्तीची सरकारी मजुरी. आपल्याकडील ‘वेठ’ हा शब्द त्याला जवळजवळ नेमका प्रतिशब्द ठरतो. गाळाने भरणाऱ्या दोन नद्यांच्या सपाट प्रदेशात कालवे दरवर्षी उपसावे लागत, आणि न उपसल्यास पुढील हंगामात पीक नसे. हाम्मुराबीच्या कारकिर्दीचे ३३वे वर्ष एका कालव्याच्या खोदाईवरूनच ओळखले जाते. मजुराने दिवसाकाठी किती माती खणावी याचे प्रमाण ठरलेले होते. गणिताच्या शालेय पट्टिकांतून ते दहा ‘गिन’, म्हणजे सुमारे तीन घनमीटर, असे आढळते, आणि विद्यार्थ्यांना त्यावर उदाहरणे घातली जात. इपिक-आयाने काव्याची प्रत करण्यापूर्वी शाळेत अशी उदाहरणे सोडविली असतील, असे मानण्यास हरकत नाही. या काव्याच्या श्रोत्याला पाटीचा भार समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. पाटी हे केवळ हीनतेचे चिन्ह होते असेही नव्हे. लगशचा राजा उर-नन्शे एका शिलापट्टावर स्वतः डोक्यावर पाटी घेऊन उभा आहे, आणि त्यानंतर सुमारे एकोणीस शतकांनी असुरबनिपालाच्या शिलेवरही तीच मुद्रा कोरलेली दिसते. मंदिर बांधताना राजानेही देवांचा वेठिया व्हायचे असते, हा त्यातील भाव.

दुसरा शब्द याहून महत्त्वाचा आहे. माणूस घडविण्याचे काम पार पडल्यावर मातृदेवी मामी जमलेल्या देवांना आपण त्यांचे जू काढून घेतल्याचे व त्यांना ‘अंदुरारु’ दिल्याचे सांगते. हा धार्मिक शब्द नव्हे. तो राजशासनातील पारिभाषिक शब्द आहे. कर्जापायी गुलाम झालेल्या स्वतंत्र माणसाची राजाज्ञेने होणारी मुक्तता, हा त्याचा अर्थ. हिब्रू धर्मशास्त्रात पन्नासाव्या वर्षीच्या मुक्ततेसाठी येणारा ‘देरोर’ हा शब्द त्याचाच सगोत्र. आणि ज्या अम्मिसदुकाच्या राज्यात ही प्रत झाली, त्याच राजाचा कर्जमाफीचा हुकूमनामा आज उपलब्ध आहे. क्राउस यांनी तो १९५८ मध्ये संपादित केला. त्या हुकूमनाम्याने कराची थकबाकी आणि व्यापारेतर खाजगी कर्जे रद्द केली, कर्जापायी स्वतःला किंवा बायकामुलांना बांधून दिलेल्या नागरिकांना ‘अंदुरारु’ दिला. त्यातच पुढे एक अपवाद आहे : धन्याच्या घरी जन्मलेल्या दासाला ही मुक्तता लागू नाही.

हा अपवाद काव्याशेजारी ठेवून पाहिला म्हणजे कथेची कायदेशीर चौकट स्पष्ट दिसते. इगिगी हे कुलीन, पण वेठीत सापडलेले. त्यांची सुटका होते. माणूस कामासाठीच जन्मलेला, देवाच्या घरचा दास. त्याला ‘अंदुरारु’ नाही. काव्यात हे अशा शब्दांत सांगितलेले नाही, आणि हुकूमनाम्याचा कवीवर परिणाम झाला असेही म्हणता येणार नाही, कारण काव्य त्याहून जुने असणे शक्य आहे. परंतु राजे असे हुकूमनामे पिढ्यान्‌पिढ्या काढीत आले होते. तो शब्द उच्चारताच श्रोत्याच्या मनात कोणता प्रसंग उभा राहत असेल, याविषयी संशय राहत नाही. एकाची मुक्तता म्हणजे दुसऱ्याची वेठ, हे सत्य मामीच्या एका शब्दात सामावले आहे.

येथपर्यंतचा पुरावा ‘दास’ या रूढ मताला अनुकूल आहे. जुनी सुमेरी परंपराही बव्हंशी तेच सांगते. ‘एन्की आणि निन्माह’ या काव्यात देव कालवे खणताना कुरकुरतात आणि एन्की मातीचा माणूस करवितो. पुढे मद्याच्या भरात निन्माह अपंग माणसे घडविते, आणि एन्की त्या प्रत्येकाला समाजात जागा नेमून देतो : आंधळ्याला गायनवादन, वंध्या स्त्रीला राणीचे अंतःपुर. (दास्याच्या सिद्धांतात हा भाग नीट बसत नाही. ज्याला पाटी उचलता येत नाही त्याचीही येथे सोय लावलेली आहे.) असुर येथे सापडलेल्या एका द्वैभाषिक लेखात दोन देवांचे रक्त सांडून माणसे केली जातात, तीही शेतीच्या आणि कालव्यांच्या कामासाठीच. याउलट ‘कुदळीचे गीत’ या सुमेरी रचनेत एन्लिल जमिनीला कुदळीने भोक पाडतो आणि माणसे रोपाप्रमाणे वर येतात. तेथे बंड नाही, वधही नाही. पण माणसाच्या हाती कुदळ मात्र तेथेही दिली जाते.

‘अत्रहसिस’चे वेगळेपण त्याच्या उपादानात आहे. केवळ माती पुरेशी मानलेली नाही. एका देवाचा वध करून त्याचे मांस व रक्त मातीत कालविले जाते, सर्व देव त्या गोळ्यावर थुंकतात, आणि चौदा गर्भदेवतांकडून सात पुरुष व सात स्त्रिया जन्मास येतात. मारल्या गेलेल्या देवाच्या नावाचे वाचन वादग्रस्त आहे. ते ‘वे’ किंवा ‘वे-इलु’ असे धरल्यास त्यातून ‘अवीलु’, म्हणजे माणूस, हा शब्द ऐकू यावा अशी कवीची योजना दिसते. या देवाविषयी काव्य एवढेच सांगते की, त्याच्या ठायी ‘तेमु’ होता. तेमु म्हणजे बुद्धी, निश्चय, बेत. त्याच्या मांसातून माणसात ‘एतेम्मु’, म्हणजे मरणोत्तर उरणारा प्रेतात्मा, येतो. तेमु आणि एतेम्मु यांतील नादसाम्यावर कवीने पुढील अर्थ उभा केला आहे. मोरन यांनी १९७० मध्ये या उताऱ्याचे विवेचन केल्यापासून, हा देव इगिगींच्या बंडाचा प्रवर्तक असावा, त्याचा ‘तेमु’ म्हणजे बंडाचाच बेत असावा, हे मत बळावले आहे. ते सिद्ध झाले आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. इगिगींनी तर म्होरक्याचे नाव सांगितलेलेच नाही. तथापि वधासाठी नेमका बुद्धिमंत देव निवडला जातो याचे दुसरे समाधानकारक कारण कोणी दिलेले नाही. आणि काव्याचा उत्तरार्ध याच मताकडे बोट दाखवितो.

उत्तरार्ध असा : बाराशे वर्षे लोटत नाहीत तोच माणसे बहुप्रसव होतात, त्यांच्या कोलाहलाने एन्लिलची झोप उडते. तो प्रथम रोगराई, मग अवर्षण व दुष्काळ, शेवटी जलप्रलय पाठवितो. या कोलाहलाचा अर्थ काय? पेत्तिनातो यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादिले की, तो बंडाचा घोष आहे. मानवाने कामास नकार दिला, म्हणून शिक्षा झाली. मोरन व किल्मर यांनी ते अमान्य करून लोकसंख्यावाढीचा अर्थ पुढे मांडला. त्यांच्या बाजूचा पुरावा बलवत्तर आहे. प्रलयानंतर देव जे उपाय योजतात ते सर्व प्रजननाला आळा घालणारे आहेत : वंध्या स्त्रिया, अर्भके हिरावून नेणारी पिशाची, अपत्य न होऊ देण्याचे व्रत असलेल्या मंदिरस्त्रिया. गुन्ह्याचा उपाय असा नसतो. कोलाहल हा माणसाचा अपराध नव्हे. तो माणसे असण्याचाच आवाज आहे.

परंतु पेत्तिनातो यांचे मत कोलाहलाविषयी त्याज्य ठरले तरी त्यांना जे जाणवले होते ते काव्यात अन्यत्र आहे. रोगराई आली तेव्हा एन्की आपला भक्त अत्रहसिस याला एक युक्ती सांगतो. वडीलधाऱ्यांनी दवंडी पिटवावी, कोणीही आपापल्या देवदेवतांची पूजा करू नये, सर्व नैवेद्य एकट्या नम्तर या रोगदेवाच्या दारी न्यावेत; म्हणजे तो लाजेल आणि हात आवरील. तसेच घडते. अवर्षणात अदद या पर्जन्यदेवाबाबत हीच युक्ती योजली जाते. ही युक्ती म्हणजे काय? इगिगींनी कुदळी जाळल्या. माणसांनी नैवेद्य थांबविले. साधन तेच : सेवा बंद करणे. ज्या देवाचा बेत माणसाच्या रक्तात मिसळला आहे, त्याच्या बंडाची पुनरावृत्ती माणूस येथे करीत आहे, आणि तिला यशही येते. काव्याच्या दोन भागांतील हा सांधा लक्षात घेतला नाही, तर पूर्वार्ध ही उत्पत्तिकथा आणि उत्तरार्ध ही प्रलयकथा, अशी दोन वेगळी प्रकरणे जोडल्याचा भास होतो. जुन्या अभ्यासकांना तो झालाही होता.

प्रलयात या युक्तीची उलट बाजू समोर येते. माणसे बुडाल्यावर देवांना नैवेद्य मिळेनासा होतो. थोर देव भुकेने व तहानेने व्याकुळ होऊन बसतात. आणि नौकेतून उतरलेल्या अत्रहसिसाने आहुती देताच माशांसारखे तिच्याभोवती गोळा होतात. ही उपमा देवांचा उपमर्द करणारी आहे, आणि ‘गिलगमेश’ काव्याच्या अकराव्या पट्टिकेतही ती जशीच्या तशी टिकून राहिली. दास स्वामीवर अवलंबून असतो, हे सर्वांना माहीत असते. या काव्यात स्वामी दासावर अवलंबून आहे, आणि ते त्याला प्रलयानंतर कळले. उरुक येथील ग्रीक अमदानीतील एका विधिग्रंथाप्रमाणे अनु इत्यादी देवतांना दिवसातून चार वेळा भोजन वाढले जाई, दोनदा सकाळी आणि दोनदा संध्याकाळी. त्या विधीतील पुजारी स्वतःला केवळ दास समजत असेल असे मानणे कठीण आहे. तो घर चालवीत होता.

भारतीय वाचकाला येथे बृहदारण्यकोपनिषदातील एका वचनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. जो देवतेला आपल्याहून वेगळी मानून उपासितो तो देवांचा पशूच होय, आणि एक पशू हरपला तरी धन्याला अप्रिय वाटते, मग अनेकांची काय कथा, असे तेथे (१.४.१०) सांगून माणसांनी ब्रह्म जाणावे हे देवांना रुचत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हाच संबंध परस्परभावनेचा म्हणून मांडला आहे. साम्य खरे आहे, पण ते देवघेवीच्या कल्पनेपुरतेच. उपनिषदाला त्या बंधनातून ज्ञानाने बाहेर पडण्याची वाट दिसते. बाबिलोनी कवीला तशी वाट दिसत नाही आणि तो ती शोधीतही नाही.

काही शतकांनी ‘एनूमा एलिश’ रचले गेले. लँबर्ट यांच्या मते ते पहिल्या नबुखद्नेझरच्या काळचे, म्हणजे इ. स. पू. बाराव्या शतकाच्या अखेरचे. तेथेही माणूस देवांच्या सेवेसाठीच निर्माण होतो, तेथेही एका देवाचे रक्त लागते. बदल दिसतो तो हेतूंत. मारला जाणारा किंगु हा तिआमतच्या युद्धाचा चिथावणीखोर म्हणून दोषी ठरविला जातो. गाऱ्हाणे न्याय्य असल्याचा उल्लेख नाहीसा होतो. संप जाऊन राजद्रोह आला. मार्दुकाच्या दिग्विजयात माणसाची निर्मिती सहाव्या पट्टिकेतील काही ओळींत उरकली जाते, आणि मुक्त झालेले देव कृतज्ञतेने स्वतःच वर्षभर विटा पाडून बाबिलोनचे मंदिर बांधतात! वसंतातील नववर्षोत्सवाच्या चौथ्या दिवशी मार्दुकासमोर याच काव्याचे पठण होत असे. त्या व्यासपीठावर इगिगींच्या तक्रारीला स्थान नव्हते. १९८७ मध्ये मायर यांनी प्रसिद्ध केलेला एक उत्तरकालीन लेख आणखी एक पाऊल पुढे जातो : त्यात पाटी वाहणारा सामान्य माणूस आधी घडविला जातो, आणि त्यानंतर राजा स्वतंत्रपणे, वेगळ्या गुणांनी मंडित करून. मग उर-नन्शेच्या डोक्यावरील पाटीचे काय, असा प्रश्न त्या लेखाच्या कर्त्याला पडलेला दिसत नाही.

परंपरेचा अखेरचा साक्षीदार बेरोसस. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी मार्दुकाच्या या पुजाऱ्याने ग्रीक भाषेत बाबिलोनचा इतिहास लिहिला आणि तो पहिल्या अंतियोकस राजाला अर्पण केला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. उत्तरकालीन लेखकांच्या उताऱ्यांतून त्याचे अवशेष राहिले आहेत. त्या अवशेषांत भूमी सुपीक असूनही ओस पडली आहे असे पाहून बेल देवशिर छेदवितो, आणि रक्त मातीत मिसळून माणसे केली जातात. वेठीचा, कालव्यांचा, इगिगींचा मागमूस नाही. ग्रीक राजासमोर देवांच्या संपाची कथा सांगणे बेरोससला प्रशस्त वाटले नसेल, किंवा ती त्याच्या ऐकिवातही नसेल. उताऱ्यांवरून काहीच ठरत नाही. परंतु त्या रक्तामुळे माणसे बुद्धिमान झाली आणि दैवी प्रज्ञेची वाटेकरी झाली, एवढे त्याने आवर्जून नमूद केले आहे. इपिक-आयाने पट्टिकेवर ‘तेमु’ हा शब्द उमटविला त्याला तेव्हा साडेतेराशे वर्षे झाली होती.